परराज्याची फी : मोजावी का, आणि कुणी?

अमेरिकेत बारावीतला मुलगा किंवा मुलगी असलेल्या घरात मार्च-एप्रिलमध्ये दुसऱ्या कुठल्या विषयाला जागा नसते. विद्यापीठांची प्रवेशपत्रं आलेली असतात आणि बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो. आपल्या राज्याच्या सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळालेला असतो आणि दुसऱ्या राज्यातल्या, नाव जास्त मोठं असलेल्या सरकारी विद्यापीठातही. संस्था दोन्ही सरकारीच, पण दुसरीकडे फी अडीच-तीन पट. ही जादा रक्कम मोजावी का, यावर अमेरिकेत गेली पन्नासहून अधिक वर्षं न्यायालयांत, राज्यांच्या विधिमंडळांत आणि अर्थशास्त्रज्ञांमध्ये वाद चालू आहे. तिथल्या मराठी घरांपुढे हा प्रश्न दरवर्षी येतो. पुण्या-मुंबईहून एमएस करायला जाणाऱ्यांपुढेही तो येतो, फक्त वेगळ्या रूपात. या वादात आज काय ठरलं आहे आणि काय ठरायचं आहे, त्याचा हा आढावा.

आकडे काय सांगतात

कॉलेज बोर्ड ही संस्था दरवर्षी फीचे सरासरी आकडे प्रसिद्ध करते. २०२४-२५ मध्ये चार वर्षांची पदवी देणाऱ्या सरकारी विद्यापीठांची जाहीर फी राज्यातल्या विद्यार्थ्यांना सरासरी ११,६१० डॉलर आणि बाहेरच्यांना ३०,७८० डॉलर होती. खासगी, नफा न कमावणाऱ्या संस्थांची सरासरी ४३,३५० होती. म्हणजे राज्याची सीमा ओलांडण्याचे वर्षाला १९,१७० डॉलर. फी मुळीच वाढली नाही असं धरलं तरी चार वर्षांत हा फरक ७६ हजारांच्या पुढे जातो.

सरासरीच्या पोटात मात्र फार मोठे फरक दडलेले आहेत. इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०१३ पासून फी गोठवून ठेवली. तिथे राज्यातल्यांना ९,९९२ आणि बाहेरच्यांना २८,७९४ डॉलर हे दर वर्षानुवर्षं तसेच राहिले. याउलट मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बर परिसरात बाहेरच्यांची फी साठ हजारांवर गेली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठ बाहेरच्यांकडून मूळ फीवर अधिभार घेतं. २०२४-२५ मध्ये दाखल झालेल्यांसाठी तो ३४,२०० डॉलर होता आणि २०२५ च्या नव्या तुकडीसाठी ३७,६०२ झाला. त्या विद्यापीठाची एक गोष्ट पालकांच्या सोयीची आहे : ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या तुकडीची फी सहा वर्षांपर्यंत तीच राहते. इतर अनेक ठिकाणी पहिल्या वर्षाचा आकडा हा फक्त सुरुवातीचा आकडा असतो.

मिशिगनसारख्या ठिकाणी सरकारी विद्यापीठाची परराज्य फी खासगी संस्थांच्या सरासरी फीपेक्षा जास्त आहे. त्यात खासगी महाविद्यालयं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना जाहीर फीवर सरासरी निम्म्याहून अधिक सवलत देतात. त्यामुळे आपलं राज्य की दुसरं राज्य एवढीच तुलना करून भागत नाही. सवलत वजा केलेली खासगी फी हा तिसरा आकडाही समोर हवा, आणि बरीच कुटुंबं नेमका तोच मागवत नाहीत.

हा भेद आला कुठून

१८६२ च्या मॉरिल कायद्यान्वये केंद्र सरकारने राज्यांना काँग्रेसमधल्या प्रत्येक सदस्यामागे ३०,००० एकर जमीन दिली. तिच्या उत्पन्नातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालयं उभी राहावीत, हा हेतू होता. ती जमीन बहुतांशी मूळ अमेरिकी जमातींच्या हातून गेलेली होती, हेही इथेच नोंदवलं पाहिजे. या महाविद्यालयांची मालकी राज्याची, खर्च राज्याच्या करांतून, म्हणून सवलतीवर पहिला हक्क राज्यातल्या मुलांचा, असा विचार त्यातून रुजला. १८६८ मध्ये स्थापन झालेलं कॅलिफोर्निया विद्यापीठ तर राज्यातल्यांना दीर्घकाळ शिक्षणशुल्क न घेता शिकवत होतं आणि १९६० च्या तिथल्या उच्च शिक्षण आराखड्याने ते तत्त्व पुन्हा मान्य केलं.

पुढचा टप्पा न्यायालयांत घडला. मिनेसोटा विद्यापीठाची अट होती की राज्यात वर्षभर राहिल्याशिवाय कमी फी मिळणार नाही. स्टार्न्स विरुद्ध माल्कर्सन या खटल्यात ही अट वैध ठरली आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. त्याच वर्षी मतदानाचं वय अठरा झालं. मतदार म्हणून नोंदणी झालेल्या विद्यार्थ्याला बाहेरचा कसा म्हणायचं, असा पेच त्यातून उभा राहिला. १९७३ मध्ये व्लँडिस विरुद्ध क्लाइन या खटल्यात कनेटिकटचा नियम न्यायालयाने मोडीत काढला. अर्ज करताना बाहेरचा पत्ता असेल तर तो विद्यार्थी शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच, असा तो नियम होता. आपण खरोखर इथे स्थायिक झालो आहोत हे सिद्ध करण्याची संधी विद्यार्थ्याला मिळाली पाहिजे, असं न्यायालय म्हणालं. पण आपल्या रहिवाशांना कमी फी लावण्याच्या राज्याच्या अधिकाराला न्यायालयाने हात लावला नाही. कायद्याची स्थिती आजही जवळपास हीच आहे : भेद करता येतो, रहिवासी होण्याची वाट मात्र कायमची बंद करता येत नाही.

तिसरा टप्पा पैशांचा. मंदी आली की राज्यं विद्यापीठांचं अनुदान कापतात आणि २००८ नंतर ही कपात फार खोल गेली. तेव्हा अनेक विद्यापीठांनी जास्त फी भरणारे बाहेरचे विद्यार्थी शोधायला सुरुवात केली. जॉन बाउंड, ब्रेनो ब्रागा, गौरव खन्ना आणि सारा टर्नर यांच्या २०२० च्या अभ्यासात दिसतं, की संशोधन विद्यापीठांत राज्याचं अनुदान १० टक्क्यांनी घटलं की परदेशी पदवी विद्यार्थ्यांची संख्या साधारण १६ टक्क्यांनी वाढते. परदेशी विद्यार्थीही बाहेरच्याच दराने फी भरतात. अनुदानाची उणीव कुणी भरून काढली, याचं बरंचसं उत्तर या आकड्यात आहे.

विद्यापीठांची बाजू, रहिवाशांची बाजू

विद्यापीठांचं म्हणणं साधं आहे. बाहेरचा विद्यार्थी आपल्या शिक्षणाच्या खर्चापेक्षा जास्त भरतो आणि त्या पैशातून राज्यातल्या मुलांची फी आटोक्यात ठेवता येते. शिवाय वेगवेगळ्या प्रांतांतली मुलं एकत्र शिकतात आणि त्यातली काही पुढे त्याच राज्यात नोकरी धरतात. व्हर्मांटसारख्या लहान राज्यात तर पर्यायच नाही. राज्यात मुलंच कमी असल्याने व्हर्मांट विद्यापीठातले बहुसंख्य विद्यार्थी बाहेरचे आहेत. अलाबामा विद्यापीठाने दुसरा मार्ग धरला. हुशार मुलांना गुणवत्तेवर मोठ्या शिष्यवृत्त्या देऊन त्यांनी देशभरातून विद्यार्थी आणले आणि आज तिथेही निम्म्याहून अधिक विद्यार्थी राज्याबाहेरचे आहेत.

रहिवाशांचा आक्षेप असा : कर आम्ही भरला आणि जागा दुसऱ्यांना. कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांनी २०१६ मध्ये विद्यापीठावर कडक ताशेरे ओढले. परिणामी २०१७ मध्ये बाहेरच्या पदवी विद्यार्थ्यांवर १८ टक्क्यांची मर्यादा आली. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो आणि अर्व्हाइन या परिसरांत हे प्रमाण आधीच जास्त असल्याने तिथे ते तेवढ्यावरच थांबवण्यात आलं. उत्तर कॅरोलायनाने चॅपल हिलमधल्या आपल्या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या प्रवेशांसाठी १९८६ पासून १८ टक्क्यांचीच मर्यादा पाळली आहे. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन परिसरात ९० टक्के जागा राज्यातल्या मुलांसाठी असतात.

बाहेरचे विद्यार्थी आतल्यांना खरंच ढकलून देतात का? सरसकट तसं म्हणता येत नाही. जागा मोजक्या असलेल्या नामांकित विद्यापीठांत मात्र हा ताण खरा आहे. याहून गंभीर निष्कर्ष ओझान जॅकेट, ब्रॅडली कर्स आणि ज्युली पॉसेल्ट यांच्या २०१६ च्या अभ्यासाचा आहे. सरकारी संशोधन विद्यापीठांत राज्याबाहेरचे विद्यार्थी जसे वाढले, तसा गरीब घरांतल्या आणि कृष्णवर्णीय व लॅटिनो विद्यार्थ्यांचा वाटा घटला. सरकारी विद्यापीठ कुणासाठी असतं, हा प्रश्न त्यामुळे मुळापासून पुन्हा विचारला जातो आहे आणि तो विचारला गेलाच पाहिजे.

कुटुंबाच्या हाती काय पडतं

ब्रायन नाइट आणि नेथन शिफ यांनी २०१९ मध्ये राज्यांच्या सीमेलगत राहणाऱ्या मुलांकडे पाहिलं. एकाच परिसरातली, त्याच विद्यापीठापासून सारख्याच अंतरावर राहणारी मुलं, पण सीमेच्या या बाजूची तिथे जातात आणि त्या बाजूची जात नाहीत. म्हणजे फीतला फरक मुलांना अभ्यासक्रमाच्या गुणवत्तेपेक्षा पत्त्यावरून वाटून टाकतो.

जादा फीचा मोबदला पुढे मिळकतीत मिळतो का, यावर तीन अभ्यास पुन्हा पुन्हा पुढे येतात. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये आणि नंतर २०११ मध्ये दाखवलं, की सारख्या कुवतीच्या आणि सारख्याच ठिकाणी अर्ज केलेल्या मुलांची तुलना केली तर जास्त निवडक महाविद्यालयात गेल्याने मिळकत सरासरीने फारशी वाढत नाही. गरीब घरांतली आणि कृष्णवर्णीय मुलं याला अपवाद आहेत. त्यांना फायदा होतो. मार्क होक्स्ट्रा यांच्या २००९ च्या अभ्यासाचं चित्र वेगळं आहे. राज्याच्या सर्वांत नामांकित सरकारी विद्यापीठात जेमतेम प्रवेश मिळालेले आणि जेमतेम हुकलेले, अशा दोन गटांतल्या गोऱ्या पुरुषांची मिळकत त्यांनी ताडून पाहिली. आत गेलेल्यांची मिळकत तिशीच्या आसपास सुमारे २० टक्क्यांनी जास्त होती. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी २०२३ मध्ये आयव्ही लीग दर्जाच्या खासगी विद्यापीठांची नामांकित सरकारी विद्यापीठांशी तुलना केली. सरासरी मिळकतीत मोठा फरक नव्हता. मात्र देशातल्या सर्वांत श्रीमंत एक टक्क्यात पोचण्याची शक्यता खासगीकडे बरीच वाढत होती.

हे तीन अभ्यास एकमेकांना खोडतात असं मला वाटत नाही. त्यांच्या तुलना वेगळ्या आहेत. होक्स्ट्रांचा निष्कर्ष एका पायरीचं मोल सांगतो : राज्यातलं पहिलं विद्यापीठ आणि त्याखालचं यांत अंतर पडू शकतं. इथून परराज्य फीच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद मिळतो. टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात चांगले गुण असूनही ऑस्टिन वा बर्कलीचं दार बंद झालेल्या मुलीसाठी पर्ड्यू म्हणजे नुसत्या नावाची हौस नाही. तिच्या गुणवत्तेला साजेसा वर्ग तिला तिथे मिळतो. पण जिला आपल्याच राज्याच्या पहिल्या विद्यापीठात जागा मिळाली आहे, तिने तशाच दर्जाच्या दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठासाठी ७६ हजार जादा मोजावेत, याला या तिन्ही अभ्यासांतून आधार मिळत नाही.

विषयाचाही विचार हवा. संगणकशास्त्र, नर्सिंग, विमान अभियांत्रिकी अशा शाखांना अनेक विद्यापीठांत वेगळा प्रवेश असतो. विद्यापीठात जागा मिळाली पण हव्या त्या शाखेत नाही, असं वारंवार घडतं. २०१५ पासून केंद्र सरकारच्या कॉलेज स्कोअरकार्डवर संस्थानिहाय कर्ज आणि मिळकतीचे आकडे खुले आहेत आणि पुढे ते शाखानिहायही मिळू लागले. संस्थांच्या क्रमवारीपेक्षा हे आकडे निर्णयाला जास्त उपयोगी पडतात.

पूर्ण फी टाळण्याच्या वाटा

राज्यांनी आपापसांत केलेले करार बरेच आहेत. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन यांच्यातला करार १९६० च्या दशकाच्या शेवटापासून चालू आहे. पश्चिमेकडच्या राज्यांच्या देवाणघेवाण योजनेत राज्यातल्या फीच्या जास्तीत जास्त दीडपट रक्कम लागते; मध्य-पश्चिमेतल्या सरकारी संस्थांची योजनाही तशीच आहे. दक्षिणेच्या आणि न्यू इंग्लंडच्या योजना मुख्यतः अशा विषयांसाठी आहेत जे आपल्या राज्यात शिकवले जात नाहीत. अडचण एवढीच, की सर्वांत मागणी असलेली विद्यापीठं आणि शाखा या योजनांतून बहुधा वगळलेल्या असतात.

काही ठिकाणी भेद पुसलेला किंवा बराच कमी केलेला आहे. उत्तर डकोटातलं मायनॉट विद्यापीठ सगळ्यांना एकच दर लावतं. उत्तर कॅरोलायनाने २०१८ मध्ये तीन विद्यापीठांत बाहेरच्यांची फी सत्राला २,५०० डॉलरवर आणली आणि नंतर त्यात चौथ्याची भर पडली. मेन विद्यापीठ ठरावीक राज्यांतल्या पात्र विद्यार्थ्यांना त्यांच्याच राज्याच्या प्रमुख विद्यापीठाइतकी फी लावतं.

पहिलं वर्ष बाहेरचा म्हणून काढायचं आणि पुढे रहिवासी व्हायचं, ही वाट अनेकांच्या मनात असते. मिझूरीसारख्या काही राज्यांत ती खरोखर चालते. कॅलिफोर्नियात आई-वडील दुसऱ्या राज्यात असतील तर विद्यार्थ्याला आर्थिक स्वावलंबनही सिद्ध करावं लागतं आणि पदवीच्या वयात ते जवळपास अशक्य असतं. बहुतेक राज्यांचे नियम शिकायला आलेल्याला रहिवासी मानत नाहीत. या भरवशावर प्रवेश घेऊ नये.

कम्युनिटी कॉलेजची वाट मराठी घरांत अजून कमीपणाची मानली जाते. तो समज सोडायला हवा. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे सहा परिसर अटी पूर्ण करणाऱ्या राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना तिसऱ्या वर्षी प्रवेशाची हमी देतात. पदवीवर नाव शेवटी विद्यापीठाचंच येतं.

आपल्या लोकांपुढचे वेगळे प्रश्न

एच-१बी व्हिसावरच्या आई-वडिलांची मुलं एच-४ वर असतात. अनेक राज्यं त्यांना रहिवासी मानून कमी फी देतात. पण केंद्राची मदत आणि विद्यार्थी कर्जं त्यांना मिळत नाहीत. ग्रीन कार्डची भारतीयांची रांग इतकी लांब आहे, की बरीच मुलं एकविसाव्या वर्षी एच-४ मधून बाहेर पडतात आणि त्यांना एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. त्यानंतर कमी फी टिकते की जाते, हे प्रत्येक राज्याच्या नियमावर ठरतं. शिक्षण चालू असतानाच फी अचानक तिप्पट होण्याचा धोका या मुलांना आहे. शिक्षण सुरू होण्याआधीच रजिस्ट्रारच्या कार्यालयाकडून याचं लेखी उत्तर घेणं त्यांच्यासाठी अत्यावश्यक आहे.

महाराष्ट्रातून थेट एमएसला जाणाऱ्यांना रहिवासी होण्याची वाट बहुधा नसतेच, कारण एफ-१ हा परत जाण्याच्या अटीवरचा व्हिसा आहे. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत भारताचे ३,३१,६०२ विद्यार्थी होते, इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त, आणि त्यांतला सर्वांत मोठा गट पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा होता. त्यांच्यासाठी टेक्सासचा एक नियम मोलाचा ठरला आहे. स्पर्धेतून मिळालेली किमान १,००० डॉलरची शिष्यवृत्ती हाती असेल तर बाहेरच्या विद्यार्थ्यालाही राज्यातला दर लागू होऊ शकतो. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस परिसराकडे आपल्या मुलांचा ओढा आहे, त्याचं हे एक कारण आहे. अध्यापन वा संशोधन साहाय्यक म्हणून नेमणूक मिळाली तर फीतला फरक बऱ्याच ठिकाणी माफ होतो. मात्र दीड-दोन वर्षांच्या एमएसला अशा नेमणुका थोड्या असतात आणि त्या मिळतीलच असं धरून घर गहाण टाकणं योग्य नाही.

कर्जाचं बदललेलं गणित

आई-वडिलांवर अवलंबून असलेल्या पदवी विद्यार्थ्याला स्वतःच्या नावावर केंद्राचं कर्ज पहिल्या वर्षी ५,५०० डॉलर आणि एकूण ३१,००० डॉलरपर्यंतच मिळतं. फीतला परराज्याचा फरक त्यात मावत नाही. म्हणून आजवर तो पालकांच्या नावावरच्या पॅरेंट प्लस कर्जातून भरला जायचा आणि त्याला शिक्षणाच्या एकूण खर्चाएवढी मोकळीक होती. जुलै २०२५ च्या कायद्याने ती संपवली. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलर ही कमाल मर्यादा आहे. त्यापलीकडे खासगी बँका आहेत, त्यांचे व्याजदर आहेत आणि बहुधा सहकर्जदार लागतो. पन्नाशीतल्या आई-बाबांनी निवृत्तीची पुंजी यात घालणं ही मला या विषयातली सर्वांत काळजीची बाब वाटते, कारण मुलाला कमवायला चाळीस वर्षं असतात, त्यांना नसतात.

अजून न सुटलेलं

उत्तम सरकारी विद्यापीठ आपल्या राज्यात आणि तितकंच उत्तम दुसऱ्या राज्यात, यांची मिळकतीच्या दृष्टीने थेट तुलना वरच्या तीन अभ्यासांपैकी कशातच नाही. मैत्री, ओळखी, घरापासून लांब राहून येणारं शहाणपण यांची किंमत कुणाला मांडता आलेली नाही, तरी अनेक कुटुंबं पैसे त्यासाठीच मोजतात. बाहेरून आलेला पदवीधर त्या राज्यात टिकतो का? जेफ्री ग्रोन यांच्या २००४ च्या अभ्यासात हा संबंध क्षीणच दिसला. कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरित मुलांना राज्यातली फी देणारं टेक्सास २००१ मध्ये पहिलं राज्य ठरलं होतं. जून २०२५ मध्ये केंद्राने दावा दाखल करताच तिथला तो कायदा रद्द झाला. इतर राज्यांतल्या तशाच कायद्यांचं काय होणार, हे अधांतरी आहे.

लोकसंख्येचा बदलही दाराशी आला आहे. अमेरिकेत शाळा संपवणाऱ्या मुलांची संख्या २०२५ च्या सुमारास शिखरावर पोचून पुढे उतरेल, असा अंदाज आहे. जागा भरण्याची चिंता असलेली विद्यापीठं बाहेरच्यांना आणखी सवलती देतील आणि मोजकी नामांकित विद्यापीठं फी आणखी वाढवतील, असं मला वाटतं.

माझं मत असं. आपल्या राज्यात हवी ती शाखा नसेल किंवा तिच्यात प्रवेश हुकला असेल, आणि फरकाची रक्कम पालकांना कर्ज न काढता भरता येत असेल, तर परराज्याची पूर्ण फी मोजणं समर्थनीय आहे. शिष्यवृत्तीने किंवा कराराने फरक वर्षाला चार-पाच हजारांवर आला, तर बहुतेक घरांसाठी तो विचार करण्याजोगा आहे. केवळ नावासाठी, कर्जाच्या आधारावर, मोजू नये. निर्णयाला बसण्याआधी तीन गोष्टी विद्यापीठाकडून लेखी मागवा : चारही वर्षांची अंदाजे एकूण रक्कम, शिष्यवृत्ती टिकवायला लागणारी सरासरी श्रेणी, आणि हव्या त्या शाखेतला प्रवेश पहिल्याच वर्षी पक्का आहे का. ही उत्तरं १ मेच्या आधी हातात असू द्या.